स्त्री-पुरुष दोघांचा सुगंध : सुरंगी, वाळा आणि प्रकृतिविचार

गंध हा पृथ्वी महाभूताचा विशेष गुण व घ्राणेंद्रिय हे पार्थिव, हे आपण प्रथम वर्षापासून शिकत आलो. परंतु पदवी घेऊन व्यवसायात पडल्यावर गंधाचा विचार धूपन, नस्य आणि फार तर अगरबत्तीच्या धुराने होणारा कास एवढ्यापुरताच उरतो. दिनचर्येतील अभ्यंग, व्यायाम, स्नान यांविषयी आपण रुग्णांना भरभरून सांगतो. त्याच प्रकरणातील गंधमाल्यधारणाकडे मात्र विलासाचा भाग म्हणून दुर्लक्ष करतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित विषयाचा व्यवहाराच्या अंगाने विचार करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या लेखाला एक निमित्त आहे. शिमगा आणि गणपती या दोन सणांना खारेपाटण परिसरातील मुंबईकर मंडळी गावी येतात. त्यांच्यापैकी तरुण रुग्णांच्या अंगावर अलीकडे नाना परदेशी सुगंध दरवळत असतात. कुपीवर ‘युनिसेक्स’ असे छापलेले असते, आणि सोबतच्या पत्रकात तो कोणत्या व्यक्तिमत्त्वाला शोभेल याचेही वर्णन असते : स्वतंत्र वृत्तीचा, आत्मविश्वासू, गर्दीत न मिसळणारा वगैरे. अशा एका तरुणाने आम्हाला सरळच विचारले, “डॉक्टर, ह्यो वास पुरुषान लावचो की बायकांनी?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. महिनाभर तो सुगंध लावल्यापासून त्याचे डोके दुखत होते, आणि सुगंध ‘बायकी’ असल्यामुळे तो आपल्याला मानवत नसावा अशी त्याची समजूत होती.

उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे : सुगंधाला लिंग नसते, त्याला गुण असतात. म्हणून तो लावणारा स्त्री की पुरुष हे पाहू नये. प्रकृती, ऋतू आणि मात्रा पाहावी.

पाश्चात्त्यांचा नवा विचार

सुगंधांची ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ अशी कडक वाटणी पाश्चात्त्य बाजारातही फार जुनी नाही. जर्मनीतील कोलोन शहरात इटालियन योहान मारिया फारिना याने अठराव्या शतकाच्या आरंभी जे लिंबूवर्गीय सुगंधी पाणी तयार केले, ते स्त्री-पुरुष दोघेही वापरीत. पॅरिसच्या गेर्लां घराण्याचे ‘झिकी’ हे 1889 चे प्रसिद्ध अत्तरही दोघांनी वापरले. पुढे विसाव्या शतकातील जाहिरातींनी फुलांचे व गोड वास स्त्रियांना आणि लाकडाचे, तंबाखूचे, चामड्याचे वास पुरुषांना वाटून दिले. ही भिंत 1994 साली कॅल्व्हिन क्लाइनच्या ‘सीके वन’ने मोठ्या बाजारात पाडली. मोजक्या रसिकांसाठी अल्प प्रमाणात सुगंध बनविणाऱ्या लहान घरांनी तर ही वाटणी फारशी मानलीच नाही. पॅरिसमधील ‘लार्तिझाँ पार्फ्युमर’ हे 1976 साली स्थापन झालेले घर अशांपैकी एक. या मंडळींना जे नव्याने सुचले, ते आपल्याकडे कधी विसरलेच गेले नव्हते. आजही लग्नसमारंभात अत्तर-गुलाब देताना वऱ्हाडी पुरुषाच्या आणि वऱ्हाडी स्त्रीच्या मनगटाला एकाच अत्तरदाणीतील अत्तर लागते.

शास्त्राची भूमिका

चरकाचार्यांनी मात्राशितीय अध्यायात गंधमाल्यधारणाची फले सांगितली आहेत : वृष्यत्व, सौगंध्य, आयुष्य, पुष्टी, बल, मनाची प्रसन्नता आणि अलक्ष्मीचा नाश. ही फले सांगताना त्यांनी पुरुषाचे गंध वेगळे व स्त्रीचे वेगळे असा भेद केलेला नाही. भेद केला आहे तो ऋतूंचा. हेमंतात अगुरूचा जाड लेप, वसंतात चंदन व अगुरू, ग्रीष्मात चंदन. वाग्भटांनी हाच क्रम विस्ताराने दिला असून हेमंतात केशर व कस्तुरी, तर शरदात चंदन, वाळा व कापूर सांगितला आहे. शीत ऋतूत उष्ण गंध आणि उष्ण ऋतूत शीत गंध, हे सूत्र स्पष्ट आहे. गंधद्रव्यसुद्धा द्रव्यच आहे व ते वीर्याने कार्य करते, हा त्यामागील विचार होय.

चरकाच्या अग्र्यसंग्रहात तर याची चिकित्सोपयोगी मांडणीच सापडते. थंडी घालविणाऱ्या लेपांत रास्ना व अगुरू श्रेष्ठ. दाह, त्वग्दोष व घाम दूर करणाऱ्या लेपांत लामज्जक व उशीर श्रेष्ठ. दुर्गंध व दाह घालविणाऱ्या लेपांत चंदन श्रेष्ठ. आजच्या सुगंधविक्रेत्याला हवा असलेला ‘कोणासाठी कोणता’ हा तक्ता येथे तयार आहे. फक्त त्याचे शीर्षक स्त्री-पुरुष असे नसून शीत, दाह आणि स्वेद असे आहे.

व्यक्तिमत्त्वाविषयी म्हणाल, तर वाग्भटांनी पित्तप्रकृतीच्या वर्णनात एक मार्मिक लक्षण नोंदविले आहे. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीला माळा, विलेपन आणि अलंकार प्रिय असतात. चरकाचार्य विमानस्थानात याच प्रकृतीविषयी सांगतात की पित्ताच्या विस्र गुणामुळे तिच्या काखेला, मुखाला, मस्तकाला व सर्वांगाला उग्र दर्प असतो. ही दोन वचने शेजारी ठेवून वाचली म्हणजे सुगंधाची आवड व गरज एकाच व्यक्तीत का आढळते ते कळते. आमच्या पाहण्यातही सुगंधाचा खरा शौकीन बहुधा पित्ताचा निघतो, मग तो शिक्षक असो, ट्रकचालक असो वा गृहिणी. आणि चुकीच्या सुगंधाने सर्वांत आधी त्रास होतो तोही त्यालाच.

नासा हे शिराचे द्वार आहे, हा सिद्धांत आपण नस्यापुरता आठवतो. आधुनिक शरीरक्रियेनेही गंधाची वाट वेगळी असल्याचे दाखविले आहे. दृष्टी, श्रवण इत्यादींच्या संवेदना मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. गंधाची संवेदना मात्र त्या केंद्राची वाट न पाहता भावना व स्मृतीशी संबंधित भागांपर्यंत पोहोचते. गंधग्राहकांच्या शोधाबद्दल रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंधमाल्याचे फल म्हणून सौमनस्य सांगणाऱ्या आचार्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे यावरून लक्षात यावे.

आपल्या दारातील परंपरा

हा विचार केवळ ग्रंथांत राहिला नव्हता. विजयदुर्गच्या खाडीच्या आतल्या टोकाला वसलेले आमचे खारेपाटण एके काळी बंदर होते. येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा शके 930 (इ. स. 1008) चा ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. तो प्रथम वाचून प्रसिद्ध करणारे बाळशास्त्री जांभेकर शेजारच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. या ताम्रपटाने देवालयाला जे उत्पन्न लावून दिले, त्यात परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचे एक नाणे आहे. त्याबरोबर तेल्याचे एक घर व माळ्याचे एक घरही देवालयाकडे लावलेले आहे. देवाच्या नित्य उपचारांसाठी तेल आणि फुले अखंड मिळावीत, याची ही तरतूद. दीप, गंध व माल्य यांची व्यवस्था राजशासनात कोरून ठेवणाऱ्या समाजात सुगंध ही चैनीची वस्तू नव्हती, तो नित्यकर्माचा भाग होता.

सुगंध बनविण्याचे शास्त्रही आपल्याकडे प्रगत होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास 1820 मिश्रणे होतात, असे गणित त्यात मांडलेले आहे. गंगाधराच्या ‘गंधसार’ ग्रंथात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा प्रक्रिया दिलेल्या आहेत. भावना व पाक या आपल्या भैषज्यकल्पनेतील प्रक्रियांशी त्यांचे नाते उघड आहे. याच ग्रंथाबरोबर मिळालेल्या ‘गंधवाद’ या दुसऱ्या ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे, हे आपणा मराठी वैद्यांना विशेष अभिमानाचे. या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी, आणि तेही कोकणातील देवरुखचेच.

सुरंगी : कोकणचा मोजक्यांचा सुगंध

‘मोजक्या रसिकांचा सुगंध’ हे वर्णन कोकणात कशाला लागू होत असेल, तर ते सुरंगीला. मामेआ सुरिगा हा पश्चिम घाटाच्या परिसरातील वृक्ष. आमच्या जिल्ह्यात दक्षिणेकडे वेंगुर्ले तालुक्यात आसोली, आरवली, शिरोडा या भागात त्याची झाडे विशेष आहेत. शिशिर सरता सरता जुन्या फांद्यांना गुच्छांनी कळ्या लागतात. पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका असे हे फूल. उन्हे चढली की कळ्या उमलतात, म्हणून काढणारी माणसे सकाळीच झाडावर चढतात. ताज्या कळ्यांचे वळेसर होतात, उरलेल्या कळ्या उन्हात सुकवून व्यापाऱ्यांना विकल्या जातात व सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यांकडे जातात. फाल्गुन-चैत्रात अनेक घरांच्या हाती येणारा रोख पैसा हा या कळ्यांचा असतो.

सुरंगीचा वळेसर केसांत माळायचा तो बायकांनी, हे खरे. परंतु तोच वास देवाच्या गाभाऱ्यात भरलेला असतो, आणि वाळलेली फुले कपड्यांच्या पेटीत ठेवली म्हणजे बायकोच्या लुगड्याला जो वास लागतो तोच नवऱ्याच्या धोतरालाही लागतो. गंध कोणाचा हे माळण्याच्या रिवाजाने ठरले आहे, गंधाने नव्हे.

गुणांचा विचार करता सुरंगीचा वास गोड, दाट, मधासारखा आणि रेंगाळणारा आहे. गंधाच्या अंगाने पाहता आम्ही त्याला गुरू व स्निग्ध मानतो. चंचल, बोलघेवड्या, झोप उथळ असणाऱ्या, मन एका जागी न ठरणाऱ्या वातप्रधान व्यक्तीला, स्त्री असो वा पुरुष, हा वास स्थैर्य देणारा वाटतो असा आमचा अनुभव आहे. उलट कफप्रधान व्यक्तीला, विशेषतः वसंतात, तोच वास जड होतो. डोके भरल्यासारखे वाटते, प्रतिश्याय असल्यास वाढतो. सुरंगी फुलते नेमकी कफप्रकोपाच्या तोंडावर, हे येथे ध्यानात ठेवावे. पित्तप्रधान व्यक्ती या वासावर भाळते, पण भर उन्हात बंद एस.टी.मध्ये शेजारणीच्या वळेसराने तिलाच मळमळते.

सुरंगीचा विषय निघाला असता वैद्यांनी दुर्लक्षू नये अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुरंगीच्या सुकलेल्या कळ्या बाजारात ‘तांबडा नागकेशर’ या नावाने मिळतात. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या वृक्षाचे पुंकेसर. कळी आणि पुंकेसर यांत फरक आहे, वृक्षही वेगळा. चातुर्जातात किंवा रक्तार्शासाठी लोणी-साखरेबरोबर देण्यासाठी नागकेशर मागविल्यावर हाती लहान गोल तांबूस कळ्या पडल्या, तर ती सुरंगी समजावी. खऱ्या नागकेशराचे बारीक सुटे तंतू असतात. सुरंगी निर्गुण आहे असे आमचे म्हणणे नाही; सुरपुन्नाग या नावाने तिचा स्वतंत्र विचार होतो. परंतु एकाच्या नावावर दुसरे देणे हा द्रव्याचाही अपमान आहे आणि रुग्णाचाही. अपेक्षित गुण आला नाही म्हणून योगाला दोष देण्यापूर्वी बरणीचे झाकण उघडून पाहावे.

वाळा : दोघांचा, आणि ग्रीष्माचा

सुरंगी ही स्थानिक, तर वाळा सर्वत्र परिचित. माठातील पाण्यात वाळ्याची जुडी घालणे, खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडणे हे ग्रीष्मातील उपचार घराघरांत होते. उशीर तिक्त-मधुर, लघु, रूक्ष, शीतवीर्य व कफपित्तशामक. षडंगोदकात तो आहे, दाहप्रशमन महाकषायातही आहे. मुळाचा वास मातीचा, ओलसर, किंचित कडसर. गोडवा थोडा आणि शुष्कता अधिक, म्हणून तो ‘बायकी’ किंवा ‘पुरुषी’ असा कप्प्यात बसत नाही. पाश्चात्त्य अत्तरांतही तो भरपूर वापरला जातो. त्याचे तिकडील ‘व्हेटिव्हर’ हे नाव ‘वेट्टिवेर’ या तमिळ शब्दावरून गेलेले आहे. म्हणजे परदेशी कुपीतून मोठ्या किमतीला परत येणारा हा सुगंध आपल्या माठातलाच.

पारंपरिक अत्तर कसे बनते हे वैद्याला ठाऊक असावे, कारण ती आपल्या अर्क-कल्पनेचीच बहीण आहे. उत्तर प्रदेशातील कनौज हे या कलेचे मुख्य ठिकाण. तांब्याच्या ‘देग’ नावाच्या भांड्यात फुले किंवा मुळे व पाणी घालून तोंड मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ ‘भपका’ नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाते. त्यात आधीच चंदनतेल घातलेले असते, ते गंध धरून ठेवते. चंदनतेल न वापरता नुसते मुळाचे तेल काढले तर त्यास ‘रूह’ म्हणतात. अशा अत्तरात मद्यार्क नसतो. फवाऱ्याच्या परदेशी सुगंधात मात्र बहुतांश भाग मद्यार्काचाच असतो. त्यामुळे तो एकदम उसळतो आणि तीक्ष्ण लागतो. चंदनतेल महाग झाल्यापासून पुष्कळ अत्तरांत दुसरी तेले अथवा कृत्रिम द्रव्ये वापरली जातात, म्हणून ‘अत्तर’ या नावावरही विसंबू नये.

वाळ्याचा सुगंध पित्तप्रकृतीच्या व्यक्तीसाठी सर्वोत्तम होय. घाम फार येणारी, लवकर संतापणारी, तीक्ष्ण बुद्धीची, उन्हात डोके धरणारी व्यक्ती डोळ्यांसमोर आणावी. शरद व ग्रीष्मात तिने स्नानोत्तर मनगटावर वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब लावावा. कफप्रकृतीलाही तो चालतो. रूक्ष व कृश वातप्रकृतीच्या व्यक्तीने मात्र हिवाळ्यात वाळा टाळावा.

निवड कशी करावी

रुग्णाने सल्ला विचारल्यास आम्ही पुढील क्रम ठेवतो.

वातप्रधान व्यक्तीस उष्ण, स्निग्ध, गुरू गंध द्यावेत : अगुरू, केशर, हिना, अल्प मात्रेत सुरंगी. पित्तप्रधान व्यक्तीस शीत व सौम्य गंध : वाळा, चंदन, गुलाब, मोगरा. कफप्रधान व्यक्तीस लघु, तीक्ष्ण, स्वच्छ गंध : कापूर, दवणा, मरवा, तुळस. प्रकृती व ऋतू यांचा विरोध आल्यास ऋतूला प्राधान्य द्यावे. वातप्रकृतीचा मनुष्य वैशाखात अगुरू लावून बाजारात हिंडू लागल्यास त्याला त्रासच होईल. कस्तुरीचे नाव ग्रंथात असले तरी कस्तुरीमृग वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार संरक्षित आहे. तेव्हा ‘अस्सल कस्तुरी’ मागूही नये, घेऊही नये.

सुगंध कागदाच्या पट्टीवर हुंगून घेऊ नये. मनगटावर लावावा आणि दोन-तीन तास थांबावे. त्वचेचा घाम, ऊष्मा व स्निग्धता यांच्याशी मिळून प्रत्येकाच्या अंगावर त्याचा वेगळा पाक होतो. पहिल्या पाच मिनिटांत मोहविणारा वास तिसऱ्या तासाला नकोसा झाला, तर तो आपला नव्हे. कुपीवरील व्यक्तिमत्त्ववर्णनापेक्षा ही परीक्षा अधिक प्रामाणिक आहे.

मात्रेविषयी वाग्भटांचा एक शब्द मार्गदर्शक ठरावा. सद्‌वृत्तात त्यांनी मनुष्य सुगंधी व चांगल्या वेषाचा असावा असे सांगून त्या वेषाला ‘अनुल्बण’, म्हणजे भडक नसलेला, हे विशेषण दिले. सुगंधालाही तेच लागू करावे. हस्तांदोलनाच्या अंतरावर कळावा, खोलीभर पसरू नये.

सावधानता

अर्धावभेदकाच्या रुग्णांत उग्र वास हे कारण सांगणारे थोडे नाहीत. म्हणून प्रश्नावलीत आहार, जागरण व उन्हाबरोबर सुगंधाचाही प्रश्न असावा. तमकश्वासाच्या रुग्णाने फवारे टाळावेत. गर्भिणीला पहिल्या महिन्यांत पूर्वी आवडणारा वासही सहन होत नाही. घरच्यांनी तो हट्ट समजू नये. त्वचेवर कंडू वा मंडले उठल्यास सुगंध बंद करावा. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हा समज खोटा आहे. युरोपीय संघाने 2003 साली ज्या 26 गंधद्रव्यांचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा केला, त्यांत लिनालूल, लिमोनीन, युजेनॉल अशी वनस्पतींत निसर्गतः आढळणारी द्रव्येही होती. ही यादी पुढे 2023 मध्ये बरीच वाढविण्यात आली. बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल असलेला सुगंध मानेवर लावून उन्हात गेल्यास तेथे काळे डाग पडू शकतात, हेही सांगून ठेवावे.

शेवटची सूचना निदानाविषयी आहे. शरीरगंध ही परीक्षेची बाब आहे. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानातील ‘पुष्पितक’ अध्यायात गंधावरील अरिष्टे सांगितली आहेत, व ज्याच्या देहाला कारणावाचून फुलांसारखा वास येतो त्याला ‘पुष्पित’ म्हटले आहे. ‘कारणावाचून’ हे ठरविण्यासाठी रुग्णाने काय लावले आहे हे आधी विचारले पाहिजे. मधुमेही रुग्णाच्या श्वासाला येणारा फळासारखा वास तर प्रसंगी प्राणसंकटाची पूर्वसूचना असतो, आणि भरपूर फवारलेल्या सुगंधाखाली तो झाकला जाऊ शकतो. म्हणून तपासणीस येताना अत्तर लावू नये, अशी पाटी आम्ही प्रतीक्षाकक्षात लावली आहे. वैद्यबांधवांनीही लावावी. वैद्यानेही चिकित्सालयात सुगंध लावू नये, कारण समोरच्याची प्रकृती आपणांस अद्याप ठाऊक नसते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या तरुणाची प्रकृती पित्तप्रधान होती, महिना चैत्राचा होता, आणि त्याच्या कुपीत अगुरू व मसाल्यांचा उष्ण, दाट गंध होता. त्याला तो सुगंध थंडीच्या दिवसांसाठी ठेवून तूर्त वाळा वापरण्यास सांगितले. डोकेदुखी आठवड्यात थांबली. तो सुगंध ‘बायकी’ नव्हता. तो हेमंतातला होता, इतकेच.